संगणकातील जागेची टंचाई आणि शाळेचे दप्तर

आपल्या जिल्ह्यातील बहुतेक प्राथमिक शाळांतून आता एक तरी संगणक आहे. यू-डायस प्लसची माहिती भरावयाची, पोषण आहाराचा हिशेब ठेवावयाचा, निकालपत्रके तयार करावयाची, जुन्या जनरल रजिस्टरची पाने स्कॅन करून जपून ठेवावयाची, ही सर्व कामे त्या एकाच यंत्रावर होतात. शाळेला लिपिक नसतो. वर्ग सांभाळून हे काम मुख्याध्यापक किंवा एखादा उत्साही शिक्षक करीत असतो. अशा यंत्राने एके दिवशी सी ड्राइव्हची पट्टी लाल करून दाखविली व 'जागा अपुरी आहे' असा इशारा दिला, म्हणजे काय करावे हे पुष्कळांना सुचत नाही. मग जे डोळ्यांपुढे दिसते ते पुसून टाकण्याकडे प्रवृत्ती होते. डोळ्यांपुढे असते ते शाळेचे दप्तर.

प्रस्तुत लेखाचे प्रयोजन एवढेच आहे की, जागा हवी असल्यास प्रथम हात कोठे घालावा आणि कोठे घालू नये, हे शिक्षकबंधुभगिनींस स्पष्ट व्हावे. संगणकात दोन निरनिराळ्या मालकांचा साठा असतो. एक साठा यंत्राने स्वतःच्या सोयीसाठी ठेवलेला असतो व दुसरा शाळेचा असतो. पहिला गेला तर यंत्र तो बहुधा पुन्हा निर्माण करू शकते. दुसरा गेला तर तो कोणीही पुन्हा निर्माण करू शकत नाही. असे असता टंचाई आली की कुऱ्हाड पडते ती दुसऱ्यावर, कारण पहिला सहसा दृष्टीस पडत नाही.

माझ्या बीटातील एका द्विशिक्षकी शाळेत असेच घडले. तेथील संगणकाच्या सी ड्राइव्हमध्ये एक जीबीदेखील जागा उरली नव्हती. शिक्षकांनी तीन वर्षांच्या निकालांच्या प्रती, कार्यक्रमांची छायाचित्रे आणि जुन्या रजिस्टरच्या स्कॅन केलेल्या पानांचे एक पुडके पुसले व कचरापेटीही रिकामी केली. एवढ्या खटाटोपातून सातशे एमबीच्या आसपास जागा मिळाली आणि आठवडाभरात ती पुन्हा भरली. पुढे सेटिंग्जमधील साठ्याची यादी उघडून पाहिली तेव्हा त्याच ड्राइव्हवर विंडोजची मागील आवृत्ती पंधरा जीबीहून अधिक जागा अडवून बसलेली आढळली. ती कोणाच्याही उपयोगाची नव्हती. पुसलेल्या पानांपैकी काहींच्या मूळ प्रती वाळवीने खाल्लेल्या होत्या, स्कॅन तेवढे शिल्लक होते. त्या पानांवर ज्यांची नावे होती, त्यांच्या नातवंडांना उद्या जातपडताळणीसाठी अगर जन्मतारखेच्या पुराव्यासाठी उतारा लागला, तर शाळेपाशी द्यावयास काही उरलेले नाही.

आता थोडे गणित करू. स्कॅन केलेले एक पान सर्वसाधारण स्पष्टतेने घेतले तर सुमारे अर्धा एमबी होते. म्हणजे हजार पाने मिळून अर्धा जीबी. आठ जीबी स्मृतीच्या, म्हणजे रॅमच्या, संगणकात हायबरनेशन नावाच्या सोयीसाठी जी एक लपलेली फाइल असते, ती एकटीच साधारणतः तीन जीबीहून अधिक जागा घेते. त्या एका फाइलीच्या जागेत रजिस्टरची सहा हजारांहून अधिक पाने मावतील. शंभर वर्षांच्या शाळेचे सगळे जनरल रजिस्टर त्यात बसून वर जागा उरेल. दप्तर पुसून जागा करणे हा तोट्याचा व्यवहार आहे, हे एवढ्यावरून ध्यानात यावे.

मापातील फरक

येथे एक शंका नेहमी निघते. यंत्र विकत घेताना डिस्क २५६ जीबीची म्हणून सांगितले जाते आणि पडद्यावर २३८ जीबीच दिसते. उरलेली जागा दुकानदाराने चोरली काय, असा प्रश्न मला अनेक केंद्रसंमेलनांतून विचारण्यात आला आहे. चोरी कोणी केलेली नाही. माप दोन आहेत, एवढेच. डिस्क बनविणारे एक जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरतात, तर विंडोज १०२४ चा घन, म्हणजे १,०७,३७,४१,८२४ बाइट धरते. दुसरे माप पहिल्याहून मोठे असल्याने त्याने मोजले की संख्या लहान येते, जसे मोठ्या पायलीने मापले की पायल्या कमी भरतात. २५६ अब्ज बाइटांना या मोठ्या मापाने भागले असता सुमारे २३८.४ येतात. याच रीतीने ५०० चे ४६५ आणि १००० चे ९३१ होतात. खेरीज, यंत्र बिघडल्यास दुरुस्तीसाठी लागणारे छोटे विभागही याच डिस्कवर राखलेले असतात. सातवीच्या वर्गात घातांक शिकविताना हे उदाहरण अवश्य घ्यावे. २ चा दहावा घात १०२४ का, आणि संगणकाला १००० पेक्षा १०२४ सोयीचा का, हे मुले फळ्यावर स्वतः काढतात आणि त्यांना त्यात मौज वाटते.

आणखी एक गोष्ट. आजच्या पुष्कळ यंत्रांत फिरणारी चकती राहिलेली नाही. तिच्या जागी एसएसडी नावाचा, कोणताही भाग न हलणारा साठा असतो. तरीही व्यवहारात नाव डिस्क असेच चालते आणि या लेखातही तेच ठेविले आहे.

आरंभी पाहणी

कीबोर्डवरील विंडोजची कळ दाबून धरून आय हे अक्षर दाबावे, म्हणजे सेटिंग्ज उघडते. त्यात सिस्टिम आणि त्यात स्टोरेज निवडावे. कशाने किती जागा घेतली आहे, हे येथे उतरत्या क्रमाने दिसते. विंडोज १० व विंडोज ११ या दोन्हींत मार्ग हाच आहे. (विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. ज्या शाळांची यंत्रे ११ वर नेता येण्याजोगी आहेत त्यांनी ती न्यावीत. विंडोज ११ ला निदान ६४ जीबीची डिस्क लागते आणि बदलाच्या वेळी बरीच मोकळी जागाही लागते. तेव्हा पुढील सर्व खटपटीला हेही एक कारण आहे.)

ही पाहणी झाल्यावर त्या दिवसाची तारीख, सी ड्राइव्हवरील एकूण जागा व मोकळी जागा यांची नोंद जडवस्तू संग्रह नोंदवहीच्या शेवटच्या कोऱ्या पानावर करावी. नोंद नसली तर कोणत्या उपायाने किती लाभ झाला हे कळत नाही, आणि पुढच्या वेळी पुन्हा सर्व उपाय करीत बसावे लागते.

यानंतर काही करण्यापूर्वी शाळेच्या दप्तराची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर काढावी आणि त्या प्रतीतील चार-दोन फाइली उघडून पाहाव्यात. प्रत काढली पण उघडून पाहिली नाही, तर ती असून नसल्यासारखीच समजावी. पेन ड्राइव्ह ने-आण करण्यास चांगला, पण वर्षानुवर्षे दप्तर सांभाळण्यास तो भरवशाचा नाही.

तात्पुरत्या फाइली

स्टोरेजच्या पानावर टेम्पररी फाइल्स असे एक कलम आहे. ते उघडले की यंत्राच्या मते काढून टाकण्याजोग्या वस्तूंची यादी येते व प्रत्येकीपुढे तिची जागा दिलेली असते. विंडोज अपडेट क्लीनअप, म्हणजे जुन्या सुधारणांचे अवशेष; डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन फाइल्स, म्हणजे इतर यंत्रांना देण्यासाठी राखलेल्या सुधारणांच्या प्रती; आणि नुसत्या टेम्पररी फाइल्स, ही तीन कलमे निःशंकपणे निवडावीत. थंबनेल्स, म्हणजे छायाचित्रांची छोटी रूपे, काढण्यात विशेष लाभ नाही. छायाचित्रांचे पुडके पुन्हा उघडले की यंत्र ती लगेच पुन्हा तयार करते.

प्रीव्हियस विंडोज इन्स्टॉलेशन्स हे कलम यादीत दिसले तर जागेचा मोठा ठेवा सापडला असे समजावे. विंडोजची मोठी सुधारणा झाली म्हणजे जुनी आवृत्ती बाजूला ठेवली जाते, की नवी न जुळल्यास परत जाता यावे. ही मुदत सामान्यतः दहा दिवसांची असते व त्यानंतर यंत्र ती आपणहून काढून टाकते. परंतु नेहमीच तसे घडते असे नाही, हे वर सांगितलेल्या उदाहरणावरून दिसेलच. दहा-वीस जीबी अडविणारे हे ओझे, नवी आवृत्ती नीट चालते आहे अशी खात्री झाल्यावर, काढून टाकावे. खात्री म्हणजे छपाईयंत्र, स्कॅनर व मराठी टंकलेखन ही तिन्ही प्रत्यक्ष चालवून पाहणे.

आता या यादीतील धोक्याचे ठिकाण सांगतो. याच यादीत डाउनलोड्स असेही एक कलम असते. तात्पुरत्या फाइलींच्या पंक्तीत ते बसविलेले असल्याने तेही टाकाऊच असावे असा समज होतो. शाळेच्या संगणकावर तर सगळे महत्त्वाचे कागद आरंभी डाउनलोड्समध्येच येऊन पडतात: संकेतस्थळावरून उतरविलेल्या विद्यार्थ्यांच्या याद्या, परिपत्रके, पालकांनी व्हॉट्सॲपवर पाठविलेले दाखले. ते तेथून हलवून योग्य जागी ठेवण्याची सवय फार थोड्यांना असते. हे कलम निवडून रिमूव्ह फाइल्स म्हटले की ते सर्व जाते, आणि असे गेलेले कचरापेटीतही सापडत नाही. म्हणून या यादीत आधीच केलेल्या खुणा डोळे झाकून मान्य करू नयेत. डाउनलोड्सपुढे खूण नाही हे पाहूनच पुढे जावे.

डाउनलोड्स साफ करावयाचे नाही काय? अवश्य करावयाचे, पण हाताने, एकेक फाइल पाहून, महिन्यातून एकदा. त्यात बहुधा मुलांच्या आधार कार्डांच्या प्रतीही पडलेल्या असतात. त्यांचे काम झाल्यावर त्या काढून टाकणे हे जागेपेक्षाही मुलांच्या खासगीपणासाठी इष्ट होय. शाळेचा संगणक पुष्कळांच्या हाती जातो.

विंडोज अपडेट क्लीनअपला कधी कधी बराच वेळ लागतो. मध्येच वीज गेली तर काम अर्धवट राहते. यास्तव आपल्या गावी भारनियमनाची जी वेळ असेल ती टाळून हे काम घ्यावे.

स्टोरेज सेन्स

वरील साफसफाई यंत्राकडूनच नियमितपणे करवून घेण्याची सोय म्हणजे स्टोरेज सेन्स. ती स्टोरेजच्या पानावरच आहे. ती चालू केली म्हणजे जागा कमी पडू लागताच, अथवा आपण ठरवू त्याप्रमाणे दररोज, दर आठवड्यास किंवा दर महिन्यास, यंत्र तात्पुरत्या फाइली आपणहून काढते. कचरापेटीतील वस्तू किती दिवसांनी जाव्यात, हेही येथे ठरविता येते. एक, चौदा, तीस अथवा साठ दिवस असे पर्याय आहेत. माझ्या मते शाळेसाठी साठ दिवस ठेवावेत. चूक लक्षात यावयास दिवाळीची सुटी मध्ये पडली तरी साठ दिवस पुरतात. उन्हाळ्याची सुटी मात्र मोठी असते, म्हणून एप्रिलअखेरीस कचरापेटी एकदा स्वतः पाहून घ्यावी.

डाउनलोड्ससाठीही येथे एक रकाना आहे. तेथे 'नेव्हर' हाच पर्याय राहू द्यावा. दुसऱ्या कोणी तो बदललेला नाही ना, हे वर्षातून एकदोनदा पाहावे. कोणाच्याही आज्ञेवाचून ठरल्या दिवशी शाळेचे कागद पुसणारे यंत्र शाळेत असू नये.

हायबरनेशन

ही सोय काय आहे ते आधी समजून घेऊ. संगणक बंद करताना चालू असलेले काम जसेच्या तसे डिस्कवर लिहून ठेवावे आणि पुन्हा सुरू केल्यावर ते पूर्ववत् पुढे यावे, अशी ती योजना आहे. त्यासाठी रॅमच्या साधारण चाळीस टक्के आकाराची एक लपलेली फाइल सी ड्राइव्हवर कायमची राखलेली असते. चार जीबी रॅम असेल तर १.६ जीबी, आठ असेल तर ३.२ जीबी आणि सोळा असेल तर ६.४ जीबी. विंडोज लवकर सुरू होते त्यामागेही हीच फाइल असते.

ती काढावी की ठेवावी, याचे उत्तर यंत्राच्या जातीवर अवलंबून आहे. टेबलावरचा संगणक असेल तर माझे मत काढावी असे आहे. त्या यंत्राला स्वतःची बॅटरी नसते. वीज अकस्मात गेली तर ही फाइल लिहावयासही त्याला अवसर मिळत नाही, तेव्हा तिचा लाभ नाममात्र. सोय बंद केल्याने यंत्र सुरू व्हावयास काही सेकंद अधिक लागतील, इतकेच. लॅपटॉपची गोष्ट निराळी. बॅटरी अगदी संपत आली की लॅपटॉप चालू काम या फाइलीत लिहून आपणहून बंद होतो आणि अर्धी भरलेली माहिती वाचते. जेथे दिवसातून दोनदा वीज जाते तेथे दोन-तीन जीबींसाठी ही राखण गमावू नये.

बंद करण्याची रीत अशी. स्टार्टवर क्लिक करून सी, एम, डी ही तीन इंग्रजी अक्षरे टाइप करावीत. कमांड प्रॉम्प्ट दिसेल. तो रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर या पर्यायाने उघडावा. काळ्या पडद्यावर पी-ओ-डब्ल्यू-ई-आर-सी-एफ-जी ही आठ अक्षरे सलग, मग एक जागा सोडून तिरकी रेघ (/) व तिला लागून एच, पुन्हा एक जागा सोडून ऑफचे स्पेलिंग, असे लिहून एंटर दाबावे. यंत्र काही उत्तर देत नाही. मौन हाच होकार. लगेच स्टोरेजचे पान पाहिले तर जागा वाढलेली दिसते. पुन्हा ही सोय हवीशी वाटली तर ऑफच्या ठिकाणी ऑन लिहावे, म्हणजे फाइल परत निर्माण होते. करून पाहून उलटविता येण्याजोगा असल्याने भितऱ्या मनुष्यानेही हा उपाय करण्यास हरकत नाही.

पुनःस्थापनेची जागा

यंत्र बिघडल्यास मागील एखाद्या दिवसाच्या स्थितीला परत नेण्यासाठी विंडोज आपल्या स्वतःच्या फाइलींच्या जुन्या प्रती ठेवते. यास सिस्टिम प्रोटेक्शन म्हणतात. काही यंत्रांत ती बंदच असते, काहींत बरीच जागा व्यापते. स्टार्टमध्ये क्रिएट अ रिस्टोअर पॉइंट असे शोधावे, सी ड्राइव्ह निवडून कॉन्फिगर दाबावे. तेथे कमाल वापराची एक सरकती पट्टी असते. ती दोन-तीन टक्क्यांवर आणली तर २३८ जीबीच्या ड्राइव्हवर पाच ते सात जीबी तिच्या वाट्यास राहतात. तेवढे पुरेत. शून्यावर मात्र आणू नये, आणि सोय अजिबात बंदही करू नये. छपाईयंत्राचा चुकीचा ड्रायव्हर बसल्यावर हीच सोय शिक्षकाला तालुक्याच्या गावची फेरी वाचविते. एक गैरसमज दूर केला पाहिजे. ही व्यवस्था विंडोजला मागे नेते, आपल्या कागदांना नव्हे. पुसलेले निकालपत्रक तिच्यातून परत मिळेल अशी आशा कोणी धरू नये.

सी भरलेला, डी रिकामा

आपल्याकडील जुळवणी केलेल्या संगणकांत एक चमत्कारिक दृश्य वारंवार दिसते. डिस्क पाचशे जीबीची, पण दुकानदाराने तिचे तीन-चार भाग पाडलेले. सी हा शंभर जीबीचा, तो काठोकाठ भरलेला. डी आणि ई मिळून तीनशेहून अधिक जीबी, ते जवळजवळ रिकामे. घरात माणसे दाटीवाटीने माजघरात निजत आहेत आणि ओसरी मोकळी पडली आहे, असा हा प्रकार. येथे काही पुसण्याची गरजच नाही. हलविण्याची आहे.

स्टोरेजच्या पानावर, विंडोज ११ मध्ये ॲडव्हान्स्ड स्टोरेज सेटिंग्जखाली, नवीन साहित्य कोठे साठवावे हे ठरविण्याचे कलम आहे. तेथे कागदपत्रे, छायाचित्रे व चित्रफिती यांच्यापुढे डी ड्राइव्ह निवडावा. याचा परिणाम पुढील फाइलींवर होतो, जुन्या होत्या तेथेच राहतात. जुन्या हलविण्यासाठी डॉक्युमेंट्स या पुडक्यावर उजवे बटण दाबून प्रॉपर्टीजमधील लोकेशन या भागातून मूव्ह म्हणावे. त्यापूर्वी डी ड्राइव्हवर त्या नावाचे नवे पुडके तयार करून तेच नवे स्थान म्हणून दाखवावे. नुसता डी ड्राइव्हच दाखविला तर संपूर्ण डी ड्राइव्ह म्हणजे डॉक्युमेंट्स असे यंत्र समजते, सर्व एकत्र कालवले जाते आणि नंतर वेगळे करणे कष्टाचे होते. डाउनलोड्सचे पुडकेही याच रीतीने हलविता येते, आणि शाळांच्या बाबतीत बहुधा त्यानेच सर्वांत अधिक लाभ होतो.

पण यातून एक भ्रम उत्पन्न होतो आणि तो घातक आहे. डी ड्राइव्हवर ठेविलेली प्रत ही सुरक्षित प्रत नव्हे. सी आणि डी ही एकाच डिस्कची दोन दालने आहेत. डिस्क नादुरुस्त झाली की दोन्ही दालने एकदम बंद होतात. सुरक्षित प्रत म्हणजे यंत्राच्या बाहेर, शक्य तर शाळेच्याही बाहेर, उदाहरणार्थ केंद्रशाळेच्या कपाटात ठेविलेल्या डिस्कवरची प्रत.

ज्यांचे दप्तर वनड्राइव्हवर ठेविलेले आहे त्यांच्यासाठी आणखी एक सोय आहे. फाइलीवर उजवे बटण दाबून फ्री अप स्पेस म्हटले की फाइल इंटरनेटवर राहते व यंत्रावर तिचे फक्त नाव उरते. नावापुढे ढगाचे चिन्ह दिसते. जेथे रेंजसाठी टेकडीवर जावे लागते, त्या शाळांनी या वाटेला न गेलेले बरे. फाइल हवी त्या वेळी इंटरनेट असेलच असे नाही. आणि ढगाचे चिन्ह असलेली फाइल पुसली तर ती वनड्राइव्हवरूनही जाते, हे विसरू नये.

ज्यास हात लावू नये

पेजफाइल नावाची आणखी एक मोठी लपलेली फाइल सी ड्राइव्हवर असते. रॅम अपुरी पडली की यंत्र तिचा आधार घेते. शाळांतील चार जीबी रॅमच्या यंत्रांना तर तिच्यावाचून चालतच नाही. ती लहान करा असा सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. ऐकू नये. तिचा आकार यंत्रालाच ठरवू द्यावा. विंडोजच्या पुडक्यात विनएसएक्सएस नावाचे एक पुडके फार मोठे दिसते. ते हाताने पुसण्याचा प्रयत्न केल्यास विंडोज निकामी होऊ शकते. शिवाय त्याचा दिसणारा आकार खऱ्या व्यापापेक्षा मोठा असतो, कारण त्यातील पुष्कळ फाइली दोन ठिकाणी दिसत असल्या तरी डिस्कवर एकदाच असतात. २०१९ च्या मे महिन्यातील सुधारणेपासून नव्या यंत्रांवर विंडोज सुमारे सात जीबी जागा आपल्या पुढील सुधारणांसाठी राखून ठेवते. यादीत ती रिझर्व्हड स्टोरेज या नावाने दिसते. तीही राहू द्यावी, नाहीतर पुढच्या सुधारणेच्या वेळी तेवढी जागा शोधत फिरावे लागेल.

जुने मराठी फॉन्ट काढून टाकण्याचा मोह काहींना होतो. हे फॉन्ट काही एमबींचेच असतात, लाभ शून्य. परंतु युनिकोड प्रचारात येण्यापूर्वी ज्या शाळांनी श्री-लिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये अहवाल लिहिले, त्यांचे ते अहवाल तोच फॉन्ट यंत्रात असेल तरच वाचता येतात. फॉन्ट गेला की पडद्यावर इंग्रजी अक्षरांची निरर्थक रांग दिसते आणि पाहणाऱ्यास वाटते, फाइल बिघडली. मग तीही पुसली जाते.

संगणक एका झटक्यात स्वच्छ व वेगवान करून देण्याचे आश्वासन देणारी बाहेरची साधने घेऊ नयेत. वर सांगितलेले सर्व काही विंडोजमध्येच विनामूल्य उपलब्ध आहे.

व्हॉट्सॲप मात्र आवरावे लागेल. शिक्षकांच्या व पालकांच्या गटांतून रोज येणाऱ्या सुप्रभाताच्या चित्रांची व चित्रफितींची भर संगणकावर नकळत पडत असते. व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये आपोआप उतरवून घेण्याचे पर्याय आहेत. छायाचित्रे व चित्रफिती यांपुढील खुणा काढाव्यात. हवे ते तेव्हा उतरवून घेता येते.

ही कामे एका दुपारी होण्याजोगी आहेत. झाल्यावर मोकळ्या जागेचा आकडा पूर्वीच्या नोंदीखाली तारखेसह लिहावा. सी ड्राइव्हचा निदान दहावा हिस्सा मोकळा राहिला पाहिजे, असा माझा आग्रह आहे. त्याहून कमी उरला तर सुधारणा अडतात व यंत्र मंदावते. येथवर सर्व उपाय करूनही तेवढी जागा मिळाली नाही, तर शाळेची डिस्कच अपुरी आहे. तशी मागणी दोन्ही आकड्यांसह केंद्रप्रमुखांमार्फत गटशिक्षणाधिकारी कार्यालयाकडे पाठवावी. नुसते 'संगणक चालत नाही' असे लिहिलेल्या अर्जावरून काय द्यावयाचे ते कार्यालयाला ठरविता येत नाही.